उभ्या कामाचं टेबल

आमच्या घरी सकाळी आधी रंधा जागा व्हायचा, मग माय, आणि कोंबडे सगळ्यात शेवटी. डोळे उघडायच्या आधीच पडवीतून तो आवाज यायचा, लांब आणि सरळ, मधे थोडं थांबून पुन्हा लांब. बाबा भिंतीला पाठ न लावता जमिनीवर बसलेले असायचे. समोर फळी आडवी, तिचं एक टोक खुंटीला टेकलेलं आणि दुसरं त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली. तो अंगठा म्हणजे एक प्रकरणच होतं. इतर बोटांपासून फटकून बाजूला गेलेला, रुंद, आणि नखाजवळ घट्टा पडलेला. बाजारात चपला घ्यायला गेलं की चपलावाला त्यांचा पाय हातात धरून हसायचा आणि म्हणायचा, हा पाय आहे का पक्कड? बाबाही हसायचे आणि एक नंबर मोठी चप्पल घेऊन यायचे.

आमचं गाव मुलचेऱ्याच्या अलीकडे, तलावाला लागून. तलावाच्या या पाळीवर, म्हणजे बांधावर, आम्ही, त्या पाळीवर बंगाली निर्वासितांचा कॅम्प. बाबा दोन्ही पाळींचे सुतार, आमच्या बोलीत वाढई. आमच्या लोकांना तिफणी, वखरं, दाराच्या चौकटी लागायच्या आणि तिकडच्यांना झोपायला, बसायला रुंद लाकडी चौक्या. पण बाबांचं खरं मन पोळ्याच्या दिवसांत लागायचं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, म्हणजे लेकरांचा पोळा. खऱ्या बैलांचा मान आदल्या दिवशी झालेला असतो, आणि आता पोरं आपापले चाकाचे लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत देवळापुढे रांगेत उभी राहतात. गावातले जवळजवळ सगळे बैल बाबांच्या हातचे. शिवणीचं हलकं लाकूड घेऊन ते बसायचे आणि प्रत्येक बैलाचं तोंड वेगळं काढायचे. एखादा बैल रुसका, एखादा खादाड, एखादा आमच्या पाटलासारखा मान ताठ करून बघणारा. बैल ज्या पोराचा, त्याच्याच स्वभावावर जायचा, आणि पोरांच्या आयांना ते बरोबर ओळखू यायचं.

मायचा बाबांशी एकच झगडा होता, तो धानाच्या कोठीवरून. "वाढयाच्या घरी कोठी नाई अन् गावात घरोघरी कोठ्या," असं ती अंबाडीच्या भाजीत सुके झिंगे टाकता टाकता म्हणायची. तिच्या कोठीसाठी येनाच्या टणक लाकडाच्या दोन जाड फळ्या बाबांनी कधीच्या आणून ठेवल्या होत्या. त्या पडवीच्या कोपऱ्यात उभ्या होत्या आणि आमच्या कोंबड्यांना रात्री बसायला कामी यायच्या.

त्या वर्षी पावसाळ्याआधी कवेलू, म्हणजे घराची कौलं, फेरताना बाबा छपरावरून पडले. दुसऱ्यांच्या छपरांवर जन्मभर माकडासारखे चढलेला माणूस स्वतःच्या छपरावरून पडला, हे त्यांना दुखण्यापेक्षा जास्त लागलं. डाव्या पायाला प्लास्टर झालं. ते काढायला आम्ही चंद्रपूरला गेलो तेव्हा गुडघा काठीसारखा सरळ राहिला होता. डॉक्टर म्हणाले की तो आता असाच राहणार, चालता मात्र येईल. बाबांनी विचारलं, "पन बसता तं येईन ना जी?" डॉक्टर हसून म्हणाले, "खुर्चीवर बसा की आरामात." बाबांनी मान हलवली. ते कशाविषयी विचारत होते हे त्या भल्या माणसाला कळलं नाही, आणि बाबांनी पुन्हा विचारलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी जमिनीवर बसून पाहिलं. मी आणि मायनं दोन्ही बाजूंनी धरून त्यांना खाली बसवलं. डावा पाय समोर बाहुलीसारखा ताठ, पण उजवा शाबूत होता, त्यामुळे रंधा चालला. अडचण उठायची होती. एखादी पटाशी लागली, पाणी लागलं, की आम्ही दोघींनी येऊन काखेत हात घालून उचलायचं. पहिल्या दिवशी त्यांनी बऱ्याचदा हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी कमी मारल्या. मग एका दुपारी मी शाळेतून आले तर ते तसेच बसलेले, ओठ सुकलेले, आणि पाण्याचा लोटा हाताच्या जरा पलीकडे. मी म्हटलं, "बाबा, हाक काऊन नाई मारली?" ते म्हणाले, "लाज वाटते वं बाई." त्यानंतर ते खाटेवर गेले ते तिथेच राहिले आणि आमच्या सकाळी मुक्या झाल्या.

मग वरोऱ्याचा मामा आला. मायचा धाकटा भाऊ, मनानं चांगला, पण बोलण्यात उगाच घाई. तिकडे कापसाच्या जिनिंगवर त्याची ओळख होती. "चौकीदाराची जागा हाये, भाऊजी. खुर्ची हाये, सावली हाये, राह्याले खोली हाये. पोळ्याले मी येतो घेवाले." बाबा फक्त "बरं" म्हणाले. माय त्यांच्या ताटात भात वाढत होती, ती वाढतच राहिली, ताटाबाहेर सांडेपर्यंत. बाबा वरोऱ्याच्या एका खोलीत एकटे राहणार, कुणाच्या तरी कापसावर नजर ठेवत, आणि त्यांची हत्यारं इथे गोणपाटात गंजणार, हे चित्र मला सहन होईना. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. मला राग फार यायचा आणि तो कुणावर काढायचा हे समजायचं नाही. त्या वेळी तो लाकडावर काढायचं ठरवलं.

चंद्रपूरला दवाखान्यासमोर एक फर्निचरचं दुकान मी पाहिलं होतं. तिथला मिस्त्री उभ्यानं रंधा मारत होता. समोर जाडजूड टेबल, त्याला एका बाजूला लोखंडी शिकंजा, त्यात लाकूड आवळलेलं. बाबा रिक्षाची वाट बघत असताना मी जाऊन त्याला विचारून आले होते की टेबल एवढंच उंच का. तो म्हणाला होता, सरळ उभं राहायचं, हात खाली सोडायचा, मनगटाची घडी येईल तेवढी उंची. तेव्हा सहज विचारलेलं होतं. मामा गेल्यावर ते आठवलं, आणि मी सारवलेल्या भिंतीवर कोळशानं टेबल काढलं. पाय चार, आडवे दांडे कुठे, हत्यारं ठेवायला खाली फळी, पुढच्या कडेला शिकंज्याच्या जागी लाकडाचा खाचा आणि त्यात ठोकायची पाचर. भिंत खराब केली म्हणून मायनं एक धपाटा दिला. मग बराच वेळ चित्राकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "फळ्या कुठच्या घेशीन?" मी कोपऱ्याकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. "घे," ती म्हणाली. "कोंबड्या बसतीन दुसरीकडे."

बाबांना उभं करून मी सुतळीनं मनगटापर्यंतची उंची मोजली आणि गाठ मारली. "मले काऊन मोजून राह्यली? लगीन लावतं का माहं?" त्यांनी विचारलं. पडल्यानंतर पहिल्यांदा त्यांनी चेष्टा केली होती. मी टेबलाचं सांगितलं तेव्हा ते खाट ओढून पडवीच्या दारात घ्या म्हणाले. तिथून ते बोलत आणि मी करत असे. करवतीच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्याला माय. येन म्हणजे दगडच. पायाचं कुसू फळीच्या भोकात बसवायचं तर केसाएवढी चूक चालत नाही, आणि माझ्या चुका दोराएवढ्या. येणारेजाणारे बघत उभे राहायचे. एक म्हातारी म्हणाली, "पोरीच्या हातात करवत शोभते का वं?" मायनं करवत न थांबवता उत्तर दिलं, "शोभाचं नंतर पाहू, आजी. पह्यले कापून होऊ द्या." माझ्या तळहातांना फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. बाबा ते बघायचे आणि मान दुसरीकडे फिरवायचे.

आता माझ्या घराच्या मागच्या व्हरांड्यात माझं स्वतःचं कामाचं टेबल आहे. नोकरी संपल्यावर मी पुन्हा लाकडाकडे वळले. नातवंडांची खेळणी, शेजारच्यांचे पाट, असलं काहीबाही. सध्या ते सुधारून घ्यायचं चाललंय. मुलानं लोखंडी शिकंजा पाठवलाय, खाली खण काढायचेत, आणि रोज फोनवर तो विचारतो, "आई, उंची किती ठेवायची ते एकदा ठरव." त्याला घाई आहे, मला नाही. टेबलाची उंची ठरवायला किती दिवस लागू शकतात, हे त्याला एका फोनमध्ये सांगून कळणार नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

तर टेबल झालं. आणि खरं सांगते, देखणं झालं. बाबांनी त्यावरून हात फिरवला, ते हलवून बघितलं, हललं नाही. मायनं हळदीकुंकू लावलं. बाबा उभे राहिले, पाचर ठोकून लाकूड आवळलं आणि रंधा मारला. मला वाटलं, जिंकलो. पोळा जवळ आलेला होता. पोरं पडवीशी घुटमळायला लागली. "बाबाजी, माहा बैल?" "होते ना लेका, होते," बाबा म्हणायचे. ते सकाळी उभे राहायचे ते जेवणापर्यंत. विचारलं की सांगायचे, "लय झकास टेबल हाये बाई. मिस्त्रीले जमलं नसतं असं." मी फुगून जायची.

एका सकाळी मायनं मला चुलीपाशी बोलावलं. बाबा लाकडाचे तुकडे आणि भुसा टोपलीत भरून तिला रोज जाळायला द्यायचे. वरून नुसत्या सालपटी दिसायच्या. आज तिनं सालपटी बाजूला सारून मला खालचं दाखवलं. बैलाचं वशिंड. एक कान. अर्धं तोंड, त्याचं शिंग मुळापासून गेलेलं. पाय तर कितीतरी, एक लांब, एक आखूड. "गावात नाईत इतके बैल चुलीत गेले," माय हळूच म्हणाली. मला हसू आलं नाही. मी विचारलं, "मंग मले सांगत काऊन नाईत ते?" माय म्हणाली, "तुह्या हाताचे फोड पाह्यले त्यानं. कोन्या तोंडानं सांगन?"

त्या दिवशी मी शाळेत गेले नाही. पोट दुखतं म्हणून पडून राहिले आणि पडल्या पडल्या बाबांना बघत राहिले. त्यांचे हात नेहमीसारखेच चालत होते. पण पटाशी टेकवायची वेळ आली की ते अडखळायचे, पाचर सैल करायचे, लाकूड फिरवायचे, पुन्हा पाचर ठोकायचे. बसून काम करताना लाकूड हवं तसं फिरायचं, कारण पाय ते फिरवायचा. हात आणि पाय मिळून बैल काढत होते, आणि आम्ही पायाला कामावरून काढून टाकलं होतं. मग माझी नजर टेबलाखाली गेली. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा सारवणात रुतलेला होता आणि हाताबरोबर दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. त्या जागी जमिनीत चांगली वाटीएवढी खळी पडली होती. मला रडू आलं. पांघरूण डोक्यावर घेऊन मी रडले आणि मायला वाटलं खरंच पोट दुखतंय, म्हणून तिनं ओव्याचं पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला मासे आणायला पलीकडच्या पाळीवर पाठवलं. तिथे एक बंगाली बाई राहायची, तिला आम्ही काकीमा म्हणायचो. ती मासे विकायची आणि गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे कापून द्यायची. त्यांची विळी आपल्यासारखीच, फक्त मोठी आणि उभ्या पात्याची. बाई जमिनीवर बसते, विळीच्या पाटावर पाय दाबते आणि दोन्ही हातांनी मासा पात्यावर ओढते. काकीमाला मी नेहमी अंगणात बसून कापताना पाहिलेलं. आज ती ओसरीत, बाबांनीच बनवलेल्या चौकीवर चढून बसली होती. विळी तिच्यासमोर चौकीवर, पाय विळीवर, आणि रोहूचे तुकडे खाली टोपलीत पडत होते. मी विचारलं, "काकीमा, आज वर काऊन?" ती म्हणाली, "कमर नीचे बैठने नहीं देता. उठने में रोना आता. तो मैंने बोला, मैं नीचे नहीं जाएगी, नीचे को ही ऊपर ले आएगी." आणि खळखळून हसली. माझ्या हातात मासे देईपर्यंत मी तिच्या पायाकडेच बघत होते. उठताना तिनं पाय खाली सोडले आणि कुणाचा हात न धरता उभी राहिली. मी पाळीवरून पळत सुटले. मासे घरी पोचले तेव्हा अर्धे चिखलात लोळून आले होते.

बाबा टेबलापाशी उभे होते. मी धापा टाकत म्हटलं, "बाबा, याचे पाय कापू." ते म्हणाले, "कायचे पाय?" मी म्हटलं, "टेबलाचे. चौकीएवढं ठेवू. तुमी वर बसा. डावा पाय पसरा, उजव्यानं लाकूड धरा." बाबांनी एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा माझ्या तळहातांकडे. मग म्हणाले, "चांगलं चालू हाये बाई. राहू दे. तू किती मनानं केलं हे." मी म्हटलं, "मनानं केलं तं मनानंच कापतो. चुलीतले बैल पाह्यले मी." त्यांनी हातातली पटाशी खाली ठेवली. शेवटी म्हणाले, "पन ज्याच्यावर काम ठेवाचं त्याच्यावर बूड टेकवू का? हत्याराचा मान नाई राहत." हे ऐकून आतून माय आली, ओल्या हातानंच. "अजी, इतके दिवस जमिनीवर बसत होते अन् लाकूडही जमिनीवरच ठेवत होते. तवा जमिनीचा मान गेला होता का?" नाचता येईना अंगण वाकडं, असं पुटपुटत बाबांनी स्वतःच पाचर काढली.

आम्ही टेबल उलटं केलं. ज्या सुतळीच्या गाठीनं उंची मोजली होती ती मी फेकून दिली आणि बाबांना खाटेवर बसवून गुडघ्याखालची उंची घेतली. करवत मीच धरली. येनाचे ते चार पाय मी किती कष्टानं ताशले होते, आणि आता त्यांची टोकं एकेक करून अंगणात पडत होती. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण प्रत्येक टोक पडलं की जरा हलकंही वाटायचं. सरळ केल्यावर ते एका पायावर डुगडुगलं. बाबा म्हणाले, "असू दे, मी पाहतो," आणि त्याच टेबलाच्या कडेवर बसून, वाकून, त्यांनी पायाखाली सारायला एक चकती घडवली. मग गिरमिटानं वरच्या फळीला भोक पाडून मी एक खुंटी ठोकली. बाबा मागे सरकले, डावा पाय लांब केला, शिवणीचा तुकडा खुंटीला टेकवला आणि उजवा पाय वर घेतला. अंगठा लाकडावर आला, जरासा चाचपडला आणि बसला. त्यांनी माझ्याकडे किंवा मायकडे पाहिलं नाही. रंधा उचलला. तो लांब, सरळ आवाज आला आणि माय तोंडाला पदर लावून आत गेली.

पोळ्याच्या दिवशी दुपारी मामा आला. बाबांची पेटी बांधून ठेवली असेल असं समजून आलेला. बाबा टेबलावर बसलेले, आजूबाजूला बैलांची रांग, आणि पोरं रंगाच्या डब्यांवर भांडत होती. मामा उभा राहून बघत राहिला. त्याच्या अवतीभोवती भुसा उडत होता. "भाऊजी," तो म्हणाला, "तिकडं मी शब्द देऊन आलो ना." बाबांनी हात न थांबवता सांगितलं, "भाऊ, तुमी माह्यासाठी धावले, हे मी विसरत नाई. पन चौकीदारीले दुसरा पाहा. अन् पुरनपोळी खाल्ल्याबिगर जाऊ नका." मामानं एकदा बहिणीकडे पाहिलं. ती पोळी लाटत होती आणि रडत होती आणि दोन्ही काही लपवत नव्हती. तोही मग खाली बसला आणि एका बैलाला चाकं बसवायला लागला. ती उलटी बसवली.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सगळे बैल गेले. पडवी रिकामी झाली, सगळी पोरं देवळापुढे, ढोलाचा आवाज तिकडून येत होता. मीही निघाले होते. बाबांनी टेबलावरून पाय खाली सोडले, कडेला हात टेकून एकटेच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, बस इथी." मला कळेना. त्यांनी त्यांची जागा हातानं पुसली. मी बसले. त्यांनी शिवणीचा एक तुकडा खुंटीला टेकवला, आणि मग वाकून, तो ताठ पाय अवघड मागे टाकून, माझा उजवा पाय हातात घेतला. मी ओशाळून ओढायला गेले, बापानं लेकीच्या पायाला हात लावायचा म्हणजे काय. त्यांनी घट्ट धरून ठेवला. अंगठा बाजूला काढला, लाकडावर ठेवला आणि वरून स्वतःचा तळहात दाबला. "इतका जोर," ते म्हणाले. "याच्याहून जास्त नाई. लाकूड पळालं नाई पाह्यजे, अन् मेलंही नाई पाह्यजे." मग त्यांनी हात काढून घेतला, आणि लाकूड माझ्या पायाखाली तसंच राहिलं.